उजीची सही

"शनिवारी सही. तोवर कुणाजवळ बोलायचं नाही," देवकर सर उजीला म्हणाले आणि शिट्टी खिशात टाकून ऑफिसकडे निघून गेले.

उजी मॅट ओलांडून सरळ माझ्यापाशी आली. नी-कॅप पोटरीवर ढकलत म्हणाली, "वैजू, सर म्हणत्यात कुणाजवळ बोलू नगंस. तर आता ऐक."

मी हसले. ती हसली नाही.

"पाच वर्सं. कंपनी मला पाच वर्सं बांधून घेणार. पगार दीडपट, खोली कंपनीची, गुडघ्याचं काय झालं तर दवाखाना कंपनीचा. आणि पाच वर्सं कुठं जायचं न्हाई."

"कुठं म्हणजे?"

"कुठंच. रेल्वेच्या चाचणीला बी न्हाई."

शेडच्या दुसऱ्या टोकाला बाकीच्या मुली पाण्याच्या पिंपापाशी गोंधळ घालत होत्या. मार्च महिना होता, पत्रा तापलेला होता. भोसरीच्या एका केबल कंपनीचा आमचा महिलांचा कबड्डी संघ, देवकर सर प्रशिक्षक. सकाळी सराव, दुपारी चार तास पॅकिंगमध्ये काम. सगळ्यांचे कागद, म्हणजे करार, एकेक वर्षाचे; ते कंपनीच्या सरदेसाई मॅडम मंजूर करायच्या. मार्च आला की आम्ही अकरा जणी रोज हिशेब करत बसायचो, यंदा कुणाचा कागद येतो आणि कुणाचा नाही. पाच वर्षांचा कागद आमच्यात कुणी बघितला नव्हता.

पण उजीची गोष्ट वेगळी होती. उज्वला थोरात, वय बावीस, गाव वाळवा तालुक्यातलं. आमची लेफ्ट कॉर्नर. सलग दोन वर्षं राज्याच्या संघात. चढाईवालीचा घोटा धरलेला तिचा फोटो पेपरात आला होता, तो तिच्या आईनं शिलाई मशीनच्या वर भिंतीला डकवला होता. आणि उजीचं एकच ठरलेलं होतं: ऑगस्टमध्ये रेल्वेच्या संघाची चाचणी द्यायची. तिथं लागली की कायमची नोकरी, आणि पुढं भारताच्या शिबिराची आशा. मागल्या हिवाळ्यात रेल्वेच्या एका बाईंनी सामन्यानंतर तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "ऑगस्टमध्ये ये. दिसू दे आम्हाला." त्या 'दिसू दे'वर उजी चार महिने उड्या मारत होती.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"तुला इचारायला तर आले. तू सांग."

ती नेहमी असंच म्हणायची. चप्पल कुठली घेऊ, केस कापू का, सगळं. ते कशामुळं ते सांगायला हवं.

मी तिची लेफ्ट इन होते. पकडीला उभं राहताना कॉर्नरची मुलगी एकदम टोकाला असते आणि तिच्या शेजारची, म्हणजे इन, तिचा हात धरून असते. तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. तीन वर्षं, रोज दोन तास, शिवाय सामने. उजी फक्त पाय बघायची. चढाईला आलेली मुलगी उंच की बुटकी, चिडलेली की घाबरलेली, तिला पत्ता नसायचा. सामना संपल्यावर विचारायची, "ती पाच नंबरवाली दिसाय कशी हुती गं?" पायाच्या वरचं माणूस मी बघायचे. खांदा कुठं वळला, नजर कुठं फिरली, दम कधी संपत आला. आणि ते तिच्या हातात सांगायचे. एकदा दाबला म्हणजे थांब. दोनदा दाबला म्हणजे जा. दोनदा दाबल्यावर ती विचार करत बसायची नाही. खाली जाऊन घोटा धरायची, आणि तिनं धरलेला घोटा सहसा सुटायचा नाही.

"गुरुवारी जेवायला ये," मी म्हटलं. "कागद घेऊन ये. विलास वाचंल."

विलास माझा नवरा. लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं.

गुरुवारी उजी आली ती दारातूनच ओरडत. "आत्या, भाकरी किती थापल्यात?"

"तुला चार आन् बाकीच्यास्नी दोन दोन," माझ्या सासूबाई चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, म्हणाल्या. त्यांना सगळ्या आत्याबाई म्हणत. "बस. तुझं लगीन कधी हाय उजे?"

"शनिवारी. कंपनीबरूबर."

"हुंडा कोण देतंय?"

"कंपनीच देतीया."

"मग लगीच उरकून घे बाई, मत बदलंल तिचं."

आत्याबाई वाईट नव्हत्या. मी हाफ पँट घालून परक्या लोकांपुढं पळते हे त्यांना पटलेलं नव्हतं, एवढंच. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "हे बघ, पगार येतोय तोवर चड्डी घालून उड्या मार, मी काय बोलायची न्हाई. पगार थांबला की साडी." आणि त्या शब्दाला जागल्या होत्या. माझ्या नी-कॅप त्या स्वतः धुवायच्या. फक्त वाळत घालायच्या मागच्या बाजूला, शेजारणीला दिसणार नाहीत अशा.

जेवणं झाल्यावर विलासनं कागद वाचला. इंग्रजी होता, तो अडखळत वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. पगार, खोली, दवाखाना, सगळं उजी म्हणाली तसंच होतं. मग तो एका ठिकाणी थांबला.

"इथं लिहिलंय, पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळायचं नाही, दुसरीकडं नोकरीची चाचणी द्यायची नाही. मधीच सोडलं तर एक वर्षाचा पगार भरून द्यायचा."

"आणि कंपनीनं मला सोडलं तर?" उजीनं विचारलं.

विलासनं पुढचं पान चाळलं, मागचं पान चाळलं. "ते कुठं दिसत नाही."

आत्याबाई भांडी घासत होत्या, भांड्यांचा आवाज थांबला.

"आई म्हणती सही कर," उजी म्हणाली. "हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागू नगं म्हणती. तिचं बी काय चुकतंय? तात्या गेल्यापास्नं रातंदीस मशीन हाणती ती." मग माझ्याकडं वळून, "तू सांग वैजू."

मी सांगितलं. मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. "सही करू नको. पाच वर्षांनी तू सत्तावीसची होशील. गुडघा आत्ता चांगलाय. ऑगस्टला जा. तू तिथं लागणार, मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"तुझे पाय तू बघत नाहीस. मी बघते."

ती खूश झाली. मग म्हणाली, "आन् मी रेल्वेत गेले तर तू?"

"मी काय? तिथं दुसरी असंल लेफ्ट इन."

"तिचा हात कसा असंल?"

"नखं कापलेली असली म्हणजे झालं."

"गप. खरं सांगतीया." तिनं गालांचा फुगा केला आणि सोडला. "बरं. शनिवारी न्हाई म्हणते. पण तू पायजेस तिथं. माझ्या तोंडातनं एकटीच्यानं 'न्हाई' निघायचं न्हाई."

"येते की."

जाताना तिनं आत्याबाईंच्या पाया पडून वर त्यांनाच डोळा मारला. आत्याबाई म्हणाल्या, "वानर हाय नुसतं." पण दारात उभ्या राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिल्या.

शुक्रवारी सराव संपल्यावर देवकर सरांनी मला थांबवलं. "वैजयंता, बस."

सर मला कधी वैजयंता म्हणत नसत. मी मॅटच्या कडेला बसले. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"काल ती तुझ्याकडं जेवायला होती."

"हो सर."

"काय सांगितलंस?"

मी मॅटकडं बघत राहिले.

"कळलं," सर म्हणाले.

"सर, ती रेल्वेत लागंल. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं मुली बघतोय मी. शंभरात एक असते तशी. ती लागंल, शिबिरालाही जाईल. खोटं कशाला बोलू तुझ्याशी?" त्यांनी दोरी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "पण तुझाही कागद सरदेसाई मॅडमच्या टेबलावर आहे. उजी राहिली तर तुझा कागद मी मंजूर करून घेतो. हवं तर पुढच्या वर्षीचाही. उजी गेली तर मॅडम विचारतील, ही वैजयंता कोण? मी काय सांगू? यंदा पकडी किती केल्यास तू?"

"अकरा."

"आणि तिनं?"

"त्र्याण्णव."

"त्या त्र्याण्णवांत तू किती आहेस ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे. कागदावर कुठं लिहितात ते?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण हे मी स्वतःशी कितीतरी वेळा म्हटलं होतं. सामन्यानंतर गुणपत्रक लागायचं, त्यावर उजीच्या नावापुढं सहा, सात, आठ. माझ्यापुढं शून्य. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं मी सगळ्यांना सांगायचे.

"म्हणजे मी तिला सही कर म्हणू का सर?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग?"

"मी काहीच म्हणालो नाही, बाळ." सर उठले. त्यांची पाठ दुखायची, खुर्चीला धरून उठायचे. "मॅडम विचारतात, संघावर खर्च का करायचा? मी म्हणतो, आमच्याकडं उज्वला थोरात आहे. ती नसली तर माझ्याकडं दुसरं उत्तर नाही. माझी दोन वर्षं राहिलीत. तू जा घरी."

घरी आले तर आत्याबाई मटार निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एप्रिलचा कागद आला का गं?"

"येईल सोमवारी."

"आला म्हंजे बरं." आणि थोड्या वेळानं, "न्हाई आला तरी काय बिघडत न्हाई. विलासचं भागतंय. घरात पाळणा हलायला बी पायजे कवातरी."

त्या प्रेमानंच म्हणाल्या होत्या. मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. दोरीवर माझ्या नी-कॅप वाळत होत्या, आतल्या बाजूनं उलट्या करून. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. चौथीत असल्यापासून मी कबड्डी खेळत होते. साडी नेसून दारात बसलेली मी मला दिसेना. दिसेना म्हणण्यापेक्षा, दिसली, आणि मी तिच्याकडं बघेना.

तरी मी ठरवलं होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. शनिवारी सकाळी शेडच्या दारात उजी भेटली, नवा पंजाबी ड्रेस घातलेली, केसांना तेल चोपडलेलं, तेव्हा माझं ठरलेलं होतं की तिचा हात एकदाच दाबायचा. थांब.

सरदेसाई मॅडमचं ऑफिस गार होतं. काचेच्या टेबलावर कागद, कागदावर पेन. बाजूला देवकर सर उभे.

"या उज्वला, बसा. आणि आपण?" मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

"ही माझी लेफ्ट इन हाय मॅडम," उजी म्हणाली. "हिच्याबिगर मला काय दिसत न्हाई."

मॅडम हसल्या. चांगल्या बाई होत्या. त्यांनी दोन खुर्च्या पुढं ओढायला सांगितल्या. उजी डावीकडं बसली, मी उजवीकडं. आम्ही ठरवून बसलो नाही. जशा रोज उभ्या राहतो तशाच बसलो.

"वाचलात ना कागद?"

"व्हय. म्हंजे हिच्या मालकांनी वाचला."

"काही शंका?"

उजीनं माझ्याकडं बघितलं. मी मॅडमकडं बघत होते.

"मॅडम," उजी म्हणाली, "रेल्वेची चाचणी आसती ऑगस्टात."

"मला कल्पना आहे. म्हणूनच पाच वर्षांचा विचार केलाय आम्ही." मॅडम पुढं झुकल्या. "हे बघा उज्वला, चाचणीत काय होईल हे कुणी सांगू शकत नाही. त्या दिवशी ताप आला, पाय मुरगळला, संपलं. इथं तुम्हाला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. तुमची जागा तुमची. तुमच्या शेजारची ही मैत्रीणसुद्धा राहील. काय देवकर?"

"राहील," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आईंचाही विचार करा," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही. पण आजच काय ते सांगा."

उजीनं मान खाली घातली. मला वाटलं ती आता बोलेल. तिचे ओठ हलले, पण तिच्या तोंडून 'न्हाई' निघेना, ती म्हणाली होती तसंच. मग टेबलाखाली तिचा उजवा हात आला आणि माझा डावा हात त्यानं शोधला. गार पडलेला हात. तिनं तो माझ्या हातात दिला आणि वाट बघत राहिली. तिची नजर खाली, फरशीवर होती, जणू तिथं कुणाचे तरी पाय आहेत.

मी किती वेळ घेतला मला माहीत नाही. मॅटवर मला अर्धा सेकंद पुरायचा.

मी दोनदा दाबला.

तिनं विचार केला नाही. तिनं हात सोडवून घेतला, पेन उचललं आणि सही केली. तीन ठिकाणी. मोठं, गोल, शाळेतल्यासारखं अक्षर, 'उज्वला ज्ञानू थोरात'. मॅडम म्हणाल्या, अभिनंदन. सरांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

बाहेर आल्यावर उजी चार पायऱ्या एकदम उतरली. "सुटले बाई एकदाची! वैजू, मी न्हाई म्हणणार हुते गं. पर तू म्हणालीस जा."

"हो."

"तुला वरचं दिसतं. काय दिसलं तुला?"

"काही नाही. वाटलं."

"झ्याक झालं," ती म्हणाली. "आता पाच वर्सं तू आन् मी." आणि गेटबाहेरच्या गाड्यावर तिनं मला पॅटीस खायला घातलं. मी अर्धं तसंच ठेवलं. तिनं माझं उरलेलंही खाल्लं.

सोमवारी माझा कागद आला. आत्याबाईंनी देवापुढं ठेवला.

ऑगस्टमध्ये रेल्वेची चाचणी झाली त्या दिवशी उजी सरावाला सगळ्यांच्या आधी आली होती. एकटीच मॅट झाडत होती. कुणी विषय काढला नाही. त्या दिवशी तिनं लागोपाठ नऊ घोटे धरले, आणि सर म्हणाले, "बास उजी, पोरींना घरी जायचंय."

सप्टेंबरात मला दिवस गेले.

ठरवून नाही. पण गेले, आणि मला आनंद झाला. हेही मी लपवणार नाही. डॉक्टरीणबाईंनी खेळायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. मी तिसऱ्या दिवशी शेडवर गेले, पंजाबी ड्रेसमध्ये, बॅग न घेता. उजी पायाला टेप लावत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून कानात सांगितलं.

तिनं टेप फेकून दिली आणि किंचाळली. सगळ्या मुली धावत आल्या. तिनं माझ्या पोटाला कान लावला. "काय ऐकाय येत न्हाई गं. झोपलंय जणू. पोरगीच हुणार बघ, लेफ्ट इन हुणार." ती हसत होती, मला हलवत होती, मुलींना हाकलत होती, "व्हा बाजूला, दम घेऊ द्या तिला." मग सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या मॅटवर गेल्या. उजी उठली. दोन पावलं गेली आणि वळली.

"वैजू, मग आता माझ्या शेजारी कोण?"

तिनं तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. तिच्या खरंच तेव्हाच लक्षात आलं होतं. मी म्हटलं, सर बघतील कुणालातरी. तिनं मान हलवली आणि टोकाला जाऊन उभी राहिली. उजवा हात किंचित पुढं, मोकळा.

माझ्या जागी एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. चांगली होती, पण घाईची. चुकीच्या वेळी हात दाबायची, नाहीतर दाबायचीच विसरायची. उजी तरीही खाली जायची, कारण तिला तशीच सवय होती. त्या वर्षी तिच्या पकडी निम्म्यावर आल्या. पुढच्या वर्षी राज्याच्या संघात तिचं नाव नव्हतं. देवकर सर निवृत्त झाले आणि त्यानंतर सहा महिन्यांत कंपनीनं संघ बंद केला. एकेक वर्षाचे कागद असलेल्या मुलींचे कागद पुन्हा आले नाहीत. त्या गेल्या, कुणी पोलिसात लागली, कुणी दुसऱ्या संघात. उजीचा कागद पाच वर्षांचा होता. तिला स्टोअरमध्ये बसवलं. केबलची रिळं मोजायची आणि गेटपास लिहायचा. सोडायचं तर वर्षाचा पगार भरायचा, तो कुठून आणणार? आणि दोन वर्षं सामना न खेळलेल्या कॉर्नरला चाचणीला बोलावतं कोण?

हे सगळं मला फोनवर कळायचं. ती स्वतः कधी रडून सांगायची नाही. "स्टोअरात पंखा हाय, मज्जा हाय," म्हणायची. आणि मग, "चिमी काय करती? दे तिला फोन." चिमी माझी मुलगी. बोलता येत नव्हतं तेव्हापासून ती उजीशी फोनवर बोलते.

पाच वर्षं संपली त्या मार्चमध्ये उजी आमच्याकडं आली. विलासनं तोवर कोरेगावला स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं आणि आम्ही सगळे तिकडं राहायला गेलो होतो. गावी जाताना ती वाट वाकडी करून आली, दोन बॅगा घेऊन, मुक्कामाला. आत्याबाईंनी तिची दृष्ट काढली. चिमी तिच्या पाठीवरून उतरेना. दुपारी चिमीला झोपवून आत्याबाईही आडव्या झाल्या, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो. रात्रीला तिच्या आवडीची लसणाची चटणी करायची होती.

उजी जाड झाली होती. बोलताना पूर्वीसारखी हलत नव्हती.

"गावातली शाळा हाय ना," ती म्हणाली, "तितले गुरुजी म्हणत्यात पोरींना कबड्डी शिकव. पगार न्हाई देत, खाऊपुरतं काय ते. आन् एक स्थळ आलंय. इस्लामपूरचं. बिजवर हाय, पर माणूस बरा वाटतोय. त्यो म्हणतो शाळाबिळा नगं." तिनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "काय करू? तू सांग."

"मला विचारू नको उजी."

"का गं? तुलाच तर इचारती कायम."

"म्हणूनच विचारू नको."

ती हसून माझ्याकडं बघायला लागली. मग हसायची थांबली. आणि मी सांगितलं. शुक्रवारचं सगळं. सर काय म्हणाले, अकरा आणि त्र्याण्णव, आत्याबाईंचा पाळणा, दोरीवरच्या नी-कॅप. मी सकाळी काय ठरवून गेले होते आणि टेबलाखाली काय केलं. माझा आवाज स्थिर होता. पाच वर्षं मी हे इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की पाठ झालं होतं.

उजी लसूण सोलत राहिली. सगळ्या पाकळ्या संपल्या तेव्हा तिनं सालं गोळा केली, सुपात भरली, आणि सूप बाजूला सरकवलं.

"तू मला तवा सांगायचं हुतंस," ती म्हणाली.

"तू सही केली नसतीस मग."

"केली असती."

मी तिच्याकडं बघितलं.

"केली असती गं. तुझा कागद जातोय, आत्या तुला घरात बसवत्यात, एवढं बोलली असतीस तर डोळं झाकून केली असती. तुझ्यासाठनं म्हणून केली असती." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मग ती पाच वर्सं माझी असती, वैजू. रिळं मोजताना मला म्हणता आलं असतं, मी ही वैजूला दिली. आता कुणाला दिली म्हणू? तू काढून घेतलीस."

आत चिमी झोपेत काहीतरी बरळली. मी सवयीनं उठले, जाऊन तिला थोपटलं. परत आले तेव्हा उजी ओट्यापाशी हात धूत होती. लसणाचा वास जावा म्हणून दोनदा, तीनदा साबण लावत होती.

"साडेपाचची गाडी हाय का गं सांगलीला?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"आहे. रहिमतपूरवरून."

"तिनंच जाते मग. आई वाट बघत आसंल."

आईला ती उद्या येणार हे माहीत होतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिनं झोपलेल्या चिमीचा मुका घेतला. आत्याबाई उठून म्हणाल्या, "आगं उजे, चटणी तरी खाऊन जा की," तर म्हणाली, "पुढच्या बारीला, आत्या." मी एक बॅग घेतली, तिनं एक. आम्ही स्टँडवर गेलो. गाडी वेळेवर आली. तिला खिडकी मिळाली.

कंडक्टरनं घंटा मारायच्या आधी बराच वेळ होता. मला तिला थांब म्हणता आलं असतं. उतर, राहा, चल घरी, काहीही. तिनं एकदा खिडकीतून माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं, मी काहीतरी म्हणावं म्हणूनच बघितलं.

पण तिनं काय करावं हे सांगायचा माझा हक्क उरला नव्हता. गाडी फलाटातून मागं आली, वळली आणि निघून गेली.